संगणकातला पंप हवा घेतो तेव्हा



ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे त्यांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. विहिरीवरची मोटार हवा घेऊ लागली की तिचा आवाज बदलतो, आणि मोटार जळण्याआधी तो आवाज ओळखायचा असतो. पांढुर्णा-सौंसर भागातले हे शहाणपण गेल्या उन्हाळ्यात आपल्या संगणक कक्षात कामी आले.

चित्रफिती तयार करण्यासाठी ठेवलेला मोठा संगणक सुरू करताच खळखळू लागला. पंप गेला असे समजून नवा कूलर घेण्याचे ठरतच होते. तपासल्यावर पंप शाबूत निघाला. ही तपासणी पालकांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

द्रवाने थंड होणाऱ्या संगणकात प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा असतो व बहुधा त्यावरच छोटा पंप. पंप पाणी व ग्लायकॉलचे मिश्रण फिरवतो. द्रव उष्णता घेऊन नळीतून रेडिएटरमध्ये जातो, तेथे पंखे ती बाहेर टाकतात. मोटारगाडीत असते तशीच ही रचना. सर्व काही कारखान्यातच भरून बंद केलेले असते. तरी वर्षानुवर्षे नळीतून थोडी वाफ झिरपते आणि आत हवा वाढते.

आवाज आला की प्रथम तापमान पाहावे. बायॉसच्या पडद्यावर प्रोसेसरचे तापमान व पंपाचे फेरे दिसतात. फेरे शून्य आणि तापमान झपाट्याने चढत असेल तर संगणक लगेच बंद करावा. आजचे बरेच प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास स्वतःच मंदावतात. मात्र कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असेल, तर आकडा हिवाळ्यापेक्षा बराच जास्त दिसणारच.

मग कागदाची सुरळी कानाला लावून आवाज कोठून येतो ते ऐकावे. स्क्रू-ड्रायव्हर आत घालू नये.

खळखळ किंवा बुडबुड म्हणजे हवा. भणभण बहुधा पंख्याची. धूळ झाडावी, पात्याला वायर लागते का पाहावे. सतत बारीक गुणगुण असेल तर पंपाचा वेग बायॉसमध्ये तपासावा. खरखर मात्र बेअरिंग झिजल्याची खूण. त्यावर घरगुती उपाय नाही. हमी शिल्लक आहे का ते पाहावे.

आमच्या संगणकात रेडिएटर तळाशी व पंप वर होता. हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाते, म्हणून ती पंपातच अडकत होती. पंपाचे बेअरिंग त्याच द्रवावर फिरते, त्यामुळे असे चालू ठेवले असते तर पंप खरेच गेला असता. संगणक बंद करून, वायर काढून आम्ही रेडिएटर छताला बसवला. थोडा वेळ बुडबुड झाली आणि आवाज थांबला.

एक चूक कोणी करू नये. बंद कूलर उघडून त्यात विहिरीचे किंवा नळाचे पाणी भरू नये. क्षार बसतात, धातू गंजतो आणि गळती झाली तर सारा संगणक जातो.

हवा अजून आतच आहे. ती फक्त रेडिएटरच्या वरच्या भागात जाऊन बसली आहे. काही वर्षांनी कूलर बदलावा लागेल, पण यंदाचा खर्च वाचला. विश्वस्तांना दोन नम्र सूचना. प्रत्येक यंत्राचे बिल व हमीपत्र फायलीत लावावे. आणि वर्गातल्या साध्या संगणकांना पंख्याचाच कूलर घ्यावा. त्यात बिघडायला पंपच नसतो.