गळणारे केस आणि तीन महिन्यांपूर्वीचा ताप

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गल्लीतल्या डॉक्टरांकडे केस गळण्याची तक्रार सहसा एकटी येत नाही. रक्तदाब मोजून होतो, खोकल्याचे औषध लिहून होते आणि उठता उठता सांगितले जाते, ‘आणि केस फार गळतायत हो.’ काही जणी पुरावा म्हणून कागदात बांधलेली गुंतवळही आणतात. ती बघण्यासारखी असते. तिच्यातला एक केस पांढऱ्या कागदावर ठेवला की एका टोकाला पांढुरका, फुगीर ठिपका दिसतो. केस ‘मुळासकट’ निघाला अशी धास्ती वाटते ती यामुळेच. प्रत्यक्षात तो वाढ संपलेल्या केसाचा बुंधा असतो. नवा केस जिथून उगवायचा ती जागा त्वचेत शाबूत असते. ठिपका नसेल तर केस गळलेला नसून मध्येच तुटलेला असतो. अशा वेळी चौकशी रंगाची, स्ट्रेटनिंगची आणि ओल्या केसांवर ओढलेल्या कंगव्याची करावी लागते.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग साधारण तीन महिने तो नुसता जागेवर राहतो आणि गळतो. त्यामुळे दिवसाला 50 ते 100 केस जाणे हा रोग नव्हे. मात्र शरीराला मोठा धक्का बसला की वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. तोवर धक्का विसरला गेलेला असतो. म्हणूनच केस कधीपासून गळतात याइतकेच त्याआधी तीन महिन्यांत काय झाले, हे विचारणे महत्त्वाचे. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, शस्त्रक्रिया, झपाट्याने उतरवलेले वजन, बंद केलेल्या गर्भनिरोधक गोळ्या अशी उत्तरे इथे निघतात. बाळ ओळखू लागले की आईचे केस गळतात, असे घरातल्या बायका सांगतात. त्यांचा हिशेब बरोबर आहे. कारण एकदाच घडून गेलेले असेल तर ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. इथे डॉक्टरांचे खरे औषध म्हणजे ही मुदत नीट समजावून सांगणे. पण त्याला पाच मिनिटे लागतात आणि बायोटिनची गोळी लिहायला पाच सेकंद.

तपासणीला साधने फार लागत नाहीत. रुग्णाला उजेडात बसवून आधी भांग बघायचा, मग डोक्याच्या मागच्या बाजूला तसाच भांग पाडून दोन्हींची तुलना करायची. पुढचा भांग रुंद, मागचा अरुंद आणि कपाळावरची केसांची रेषा जागच्या जागी असेल, तर बाईमध्ये ते आनुवंशिक विरळपणाचे लक्षण. पुरुषात कानशिलाच्या वरच्या बाजूने रेषा मागे सरकते आणि माथा उघडा पडतो. पुढची पायरी ओढून बघण्याची. 40 ते 60 केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलक्या हाताने ओढतात. पाच-सहाहून जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे असे समजतात. कालच न्हाऊन आलेल्या डोक्यावर हा आकडा फसवा निघू शकतो. मग भुवया, नखे आणि मानेमागच्या गाठी पाहायच्या.

रक्ततपासणीची लांबलचक यादी बहुतेकांना लागत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच एवढ्यात बरेच काम भागते. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे लोहाकडे दुर्लक्ष परवडत नाही. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि मुरमे असतील तर पीसीओएसचा विचार हवा. बायोटिनची कमतरता मुळात दुर्मीळ. शिवाय ही गोळी भरपूर प्रमाणात चालू असेल तर थायरॉइडचा आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिनचा अहवालही चुकू शकतो.

आनुवंशिक विरळपणावर मिनॉक्सिडिल लावतात. मूळचे हे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि त्याचा दुसरा उपयोग सापडला. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध सोडले की मिळालेले केस जातात. या तीन गोष्टी आधी सांगितल्या नाहीत तर बाटली महिन्याभरातच कपाटात जाते. पुरुषांना फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅम देता येते, मात्र लैंगिक दुष्परिणामांची कल्पना देऊनच. गर्भवतीने त्याची फुटलेली गोळी हाताळूही नये.

चाई ओळखायला सोपी: गोल, गुळगुळीत चट्टा, खवले नाहीत, कडेला बुंध्याशी बारीक होत गेलेले आखूड केस. तिथे किडा नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. लसूण चोळल्याने त्वचा भाजते एवढेच. लहान चट्टे अनेकदा वर्षभरात आपोआप भरतात, नाहीतर चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. लहान मुलाच्या चट्ट्यावर खवले, तुटलेल्या केसांचे काळे ठिपके आणि मानेमागे गाठी असतील तर ते गजकर्ण. नुसत्या मलमाने ते जात नाही, काही आठवडे पोटात औषध घ्यावे लागते. स्टेरॉइड मिसळलेले मलम तर ते वाढवते. घट्ट वेण्यांनी कानशिलाशी गेलेले केस वेळीच वेणी सैल केली तर परत येतात.

त्वचा चकचकीत झाली, रोमरंध्रेच दिसेनाशी झाली आणि कडेला लाली किंवा आग असेल, तर मात्र वाट पाहू नये. तिथे वण तयार होत असतात आणि गेलेला केस पुन्हा येत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी त्याच दिवशी द्यावी.

तीन महिन्यांच्या हिशेबात न बसणारी गळतीही असते. केमोथेरपी किंवा विषारी द्रव्य वाढत्या केसावरच घाव घालते आणि केस दिवसांत जातात. 2024 अखेर आणि 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांना काही दिवसांतच टक्कल पडले. संशय आधी बुरशीवर आणि पाण्यावर गेला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम वाढलेले आढळले. त्याचा उगम त्यांनी रेशनच्या गव्हाशी जोडला. पुढे काहींची नखेही गळाली. एकाच वस्तीतले तीन-चार जण आठवड्याभरात हीच तक्रार घेऊन आले, तर शाम्पू लिहून देण्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावे आणि घरातले धान्य-पाणी तपासायला ठेवून घ्यावे.