वारितर ते पीपीएम

भाचीला सातवा महिना लागला तेव्हा तिच्या सासूबाईंनी शतावरी चूर्णाचा डबा आणून दिला. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन ग्रॅम, दुधातून. भाची बँकेत नोकरी करणारी, पण पैसे देण्याआधी पावती वाचणारी. तिने कंपनीकडे तपासणीचा अहवाल मागितला आणि आलेली दोन पाने मला पाठवून विचारले, "मामा, सगळीकडे 'कम्प्लाइज' लिहिलंय. म्हणजे घ्यायला हरकत नाही ना?"

मी उमेदीची वर्षे औषधे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर एका शब्दात देता येईना; त्या प्रयत्नातून हा लेख झाला.

औषध तपासून घेण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. भस्म नीट झाले की नाही, हे ठरवण्याच्या कसोट्या रसशास्त्राने घालून दिल्या आहेत. चिमूटभर भस्म स्थिर पाण्यावर टाकले आणि ते तरंगले तर ते 'वारितर'. बोटांत चोळल्यावर त्वचेच्या रेषांत भरून राहिले तर 'रेखापूर्ण'. गूळ, गुंज, टाकणखार, मध आणि तूप यांच्यासह तापवूनही मूळ धातू परत दिसला नाही तर 'अपुनर्भव'. ताम्रभस्म दह्यात घालून ठेवावे. दही हिरवट-निळे झाले तर भस्म कच्चे. या कसोट्या दोन प्रश्न विचारतात : कण पुरेसा बारीक झाला का, आणि धातू धातूच्या रूपात उरला का? प्रश्न नेमके आहेत. मात्र रोज किती मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते, हा प्रश्न त्यांत नाही. तो पुढच्या काळाने विचारला.

तो ठळकपणे पुढे आला २००४ साली. अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. २००८ साली त्याच संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेली १९३ उत्पादने तपासली. रसौषधींपैकी सुमारे ४१ टक्क्यांत हे धातू सापडले, हे समजण्यासारखे होते. पण रसौषधी नसलेल्या उत्पादनांतही ते १७ टक्क्यांत निघाले. अमेरिकेत बनलेली आणि भारतात बनलेली उत्पादने यांत फारसा फरक नव्हता. दरम्यान भारत सरकारने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या निव्वळ वनस्पतिजन्य औषधांसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली.

वनस्पतीच्या चूर्णात शिसे येते कुठून? मुळी जमिनीत वाढते, जमिनीत असेल ते घेते. दळण्याच्या यंत्रातून येते. कधी माणूसच घालतो : बांगलादेशात हळद अधिक पिवळी दिसावी म्हणून तीत लेड क्रोमेट मिसळले जात असल्याचे २०१९ साली अभ्यासकांनी दाखवून दिले.

आता भाचीचा अहवाल. शिसे ८ पीपीएम, मर्यादा १०, शेरा 'कम्प्लाइज'. वनस्पतिजन्य औषधांसाठी आपल्याकडच्या मर्यादा अशा : शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. सोप्या हिशेबात, एक ग्रॅम चूर्णात एक मायक्रोग्रॅम. म्हणजे दिवसाच्या सहा ग्रॅममधून ४८ मायक्रोग्रॅम शिसे. हेच ८ पीपीएम पाव ग्रॅमच्या दोन गोळ्यांत असते, तर चारच मायक्रोग्रॅम झाले असते. शेरा दोन्हींवर एकच! अहवाल पदार्थाविषयी बोलतो, मात्रेविषयी नाही. तो गुणाकार आपण करायचा असतो. तुलनेसाठी, अमेरिकी फार्माकोपियाने पूरक आहारातील शिशासाठी दिवसाला ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा ठेवली आहे; कॅलिफोर्नियात तर ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेले की इशारा छापावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची निर्धोक अशी पातळीच ज्ञात नाही. शिसे कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत साठते, आणि वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते.

दुसरा फसवा शब्द 'नॉट डिटेक्टेड'. याचा अर्थ शून्य नव्हे. यंत्राला दिसले नाही, एवढाच. म्हणून शेजारी शोधमर्यादा छापलेली हवी. आयसीपी-एमएस नावाचे यंत्र नमुना आम्लात विरघळवून आर्गॉनच्या प्रखर प्लाझ्मात सोडते आणि अणू वजनानुसार वेगळे मोजते. त्याला अत्यल्प अंशही दिसतो. शोधमर्यादाच ५ पीपीएम असेल, तर 'आढळले नाही' याला फारसा अर्थ उरत नाही.

रसौषधींचे गणित वेगळे. रससिंदूर हे पारा-गंधकाचेच संयुग. त्यात पारा सापडणे म्हणजे भेसळ नव्हे. तिथे एक पीपीएमची मर्यादा लावणे निरर्थक. तिथे विचारायचे ते हे, की पारा कोणत्या रूपात आहे आणि मोकळा पारा उरला आहे का. एकूण पाऱ्याचा आकडा याचे उत्तर देत नाही. विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीतले घटक असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे, ते याचसाठी.

जंतूंचा रकानाही वाचावा. चूर्ण निर्जंतुक नसतेच. ग्रॅमला एक लाखापर्यंत एकूण जिवाणू आणि एक हजारापर्यंत बुरशी-यीस्ट चालते. ई. कोलाय आणि साल्मोनेला मात्र असताच कामा नयेत.

आणि सर्वांत आधी पाहायचे ते मी शेवटी पाहिले. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत होते : नमुना ग्राहकाने आणून दिलेला, निष्कर्ष त्या नमुन्यापुरते. इथे ग्राहक म्हणजे भाची नव्हे, कंपनी. वर बॅच क्रमांक होता. भाचीला डब्यावरचा क्रमांक वाचायला सांगितला. तो वेगळा निघाला. प्रयोगशाळेकडे एनएबीएलची मान्यता होती, आणि धातूंच्या चाचणीसाठीही होती. काम चोख होते, पण दुसऱ्याच डब्यावर.

भाचीने आपल्या बॅचचा अहवाल मागितला. प्रत्येक बॅच तपासली जाते, असे नम्र उत्तर आले. कागद आला नाही. तिच्या वैद्यबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "शतावरी चांगलीच. पण हा डबा नको." सासूबाईंना थोडे वाईट वाटले. मग त्यांनी चष्मा लावून स्वयंपाकघरातल्या बाकीच्या डब्यांवरचे बॅच क्रमांक वाचायला घेतले.