नवं रिव्हॉल्व्हर, शिशाची गोळी आणि दीड थाऊचा घोळ

फोन स्लो झाला की आपण काय करतो? कॅशे साफ करतो, चार ॲप उडवतो, अपडेटही टाकतो, सगळं एकदमच. मग फोन सुधारला तरी नक्की कशामुळे सुधारला ते कळत नाही. हीच चूक मी एका रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत केली.

मी नोकरीसाठी टेक्ससमध्ये राहतो. शेजारचे काका निवृत्त मशिनिस्ट आहेत. शिसं वितळवून, साच्यात ओतून ते स्वतः गोळ्या बनवतात. त्यांनी .४५ कोल्ट काडतुसाचं नवं कोरं रिव्हॉल्व्हर घेतलं. तांब्याचं कवच असलेल्या विकतच्या गोळ्या ठीक लागायच्या, पण घरच्या शिशाच्या गोळ्या टार्गेटभर विखुरल्या जायच्या. शिवाय नळीत शिशाचा थर बसायचा, तो खरवडण्यात संध्याकाळ जायची.

मी लगेच एक्सेल शीट काढली. गोळीचा मिश्रधातू बदलला, वंगण बदललं, दारूचं माप पुस्तकात दिलेल्या मर्यादेत कमी-जास्त केलं. तीन वीकेंड गेले, फरक शून्य. उलट कडक मिश्रधातूने थर वाढलाच! काका तर ते विकायलाच निघाले होते. शेवटी तेच म्हणाले, "आपण अजून काही मोजलंच नाहीये."

गोळीचा रस्ता

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी थेट नळीत नसते. ती फिरत्या सिलिंडरच्या चेंबरमध्ये असते. चेंबरच्या पुढच्या अरुंद तोंडाला थ्रोट म्हणतात. गोळी थ्रोटमधून निघते, सिलिंडर आणि नळीमधली बारीक फट ओलांडते आणि मग नळीत शिरते. नळीच्या आतल्या पिळदार खाचा तिला फिरकी देतात.

शिसं मऊ. वाटेत जे सगळ्यात अरुंद असेल, त्या मापाची गोळी होते. म्हणून साधा नियम असा: थ्रोट नळीच्या खाचांच्या व्यासापेक्षा किंचित मोठा हवा आणि गोळी थ्रोटच्या मापाची.

आम्ही काय तपासलं

सगळ्यात आधी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, सिलिंडर बाहेर काढला आणि सहाही चेंबर दोनदा बघितले. दारू-काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवली.

१. थ्रोट: नुसती गोळी समोरून थ्रोटमध्ये घालून बघितली. बोटाच्या हलक्या दाबाने ती पार व्हायला हवी. आरपार पडली तर थ्रोट मोठा, अडकली तर लहान. आमची सहाही ठिकाणी अडकली.

२. नळी: तेल लावून शुद्ध शिशाचा तुकडा लाकडी दांड्याने हळूहळू नळीतून पुढे सरकवला. त्यावर खाचांचा ठसा उमटतो, तो मायक्रोमीटरने मोजायचा. व्हर्नियर इथे पुरत नाही. तुकडा सरकताना कुठे जड जातोय तेही बघायचं. नळी फ्रेममध्ये आट्यांनी घट्ट बसवतात, तिथे ती कधीकधी आतून दबलेली असते. आमची दबलेली नव्हती.

३. फट: फीलर गेजने मोजली, ०.००५ इंच. ०.००४ ते ०.००६ म्हणजे छान.

आता आकडे बघा. गोळी ०.४५२ इंच, थ्रोट ०.४५०, नळीच्या खाचा ०.४५१५. म्हणजे थ्रोट गोळीला दोन थाऊ दाबत होता (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि मग ती नळीत दीड थाऊ सैल पडत होती. दीड थाऊ म्हणजे साधारण ०.०४ मिलिमीटर, केसापेक्षाही कमी! पण तेवढ्या जागेतून तापलेला वायू पुढे निसटतो, गोळीची कड कापतो आणि ते शिसं नळीला चिकटतं. तांब्याचं कवच हा मारा सहन करतं, म्हणून विकतच्या गोळ्यांनी दोष झाकून ठेवला होता. मऊ शिसं दाबाने फुगून थोडी फट भरतं. कडक मिश्रधातू फुगत नाही, म्हणून माझा उपाय उलटा पडला.

दुरुस्ती

मी म्हटलं, "ड्रिलला सॅंडपेपर गुंडाळू, पाच मिनिटांचं काम!" काकांनी हात जोडले. धातू एकदा घासला की कंट्रोल-झेड नाही. थ्रोट वाकडा किंवा मोठा झाला तर नवा सिलिंडरच घ्यावा लागतो. त्यांनी तो परवानाधारक गनस्मिथकडे दिला. त्याने रीमरने सहाही थ्रोट ०.४५२५ इंचाचे केले. नळीला हात लावला नाही.

मग पहिल्याच दिवशीच्या जुन्या गोळ्या, तेच वंगण, तीच दारू वापरली. २५ यार्डांवर जेवणाच्या ताटाएवढा पसारा बशीएवढ्या जागेत आला, नळीही जवळपास स्वच्छ निघाली. रिव्हॉल्व्हर विकायचा विषय तिथेच संपला.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय रिव्हॉल्व्हर बाळगणं गुन्हा आहे, त्यामुळे हा घरी करायचा प्रयोग नाही. आणि शिसं विषारी असतं. काका ते मोकळ्या हवेतच वितळवतात, पाण्याचा थेंबही जवळ येऊ देत नाहीत आणि हात धुतल्याशिवाय चहाच्या कपालासुद्धा शिवत नाहीत.

माझी एक्सेल शीट अजून आहे. फक्त आता पहिला कॉलम 'काय बदललं' नसून 'काय मोजलं' हा आहे. ऑफिसमध्ये बग शोधतानाही तोच आधी भरतो.