शेळी की मेंढी?

संपादकांना ‘पुरातत्त्वातलं विज्ञान’ हवं होतं. म्हणजे चकचकीत यंत्रं आणि त्यांचे फोटो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मी रेंगाळलो तो मात्र हाडांच्या टेबलापाशी.

इतिहास थोडक्यात. १८२१ सालचं हे कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था झालं आणि त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया इथे आले. पुढे १९६८ पासून घोड नदीकाठच्या इनामगावला वर्षानुवर्षं उत्खनन चाललं. ताम्रपाषाणयुगातल्या त्या शेतकऱ्यांच्या घरांबरोबरच त्यांचे जळके धान्याचे दाणे आणि त्यांनी खाल्लेल्या जनावरांची हाडंही अभ्यासली गेली.

टेबलावर पीएच.डी.ची एक विद्यार्थिनी बोटभर तुकडा उलटसुलट करत होती. शेजारी आजच्या शेळीचा आणि मेंढीचा सांगाडा सुटा मांडलेला. शेळीचं पुढच्या पायाचं नळीचं हाड आखूड आणि रुंद, मेंढीचं सडपातळ. हे पाठ करायला पाच मिनिटं लागतात. फुटक्या, जळक्या, कुत्र्यानं चघळलेल्या तुकड्यात ओळखायला वर्षं. वयही हाडच सांगतं. कोपराजवळचं टोक साधारण वर्षभरात जुळून येतं, मनगटाजवळचं तीनेक वर्षांनी. त्यावरून कळतं, गावानं कोकरं मटणासाठी कापली की माद्या दुधासाठी राखल्या.

‘‘ठरत नाही, सर,’’ ती म्हणाली आणि नोंदवहीत ‘शेळी/मेंढी’ लिहून पुढचा तुकडा उचलला. मोह न धरता असं लिहिता येणं, हे मला या शिक्षणातलं सगळ्यात अवघड वाटलं.

यंत्रांचाही मोह असतोच. पण आपल्या उष्ण हवेत हाडांतला डीएनए फार टिकत नाही. सिंधू संस्कृतीतल्या राखीगढीच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६१ नमुने तपासले, कामाचा निघाला एक. कार्बन-१४ कालमापनाची वेगळीच खोड. इसवीसनपूर्व ८०० ते ४०० या काळात त्याचा आलेख जवळजवळ सपाट होतो, त्यामुळे दख्खनच्या लोहयुगातला एखादा नमुना शतक-दोन शतकं सहज इकडेतिकडे सरकतो. नमुना कुठल्या थरातून उचलला, तो उंदराच्या बिळातून तर खाली आला नाही, हे खड्ड्यात उभ्या असलेल्या माणसालाच पाहावं लागतं. यंत्र त्याबाबतीत आंधळं.

आणि असा माणूस तयार झाल्यावर? नोकरीच्या जागा मोजक्या. बरेच जण प्रकल्पामागून प्रकल्प करत राहतात. यंत्र एका आर्थिक वर्षात खरेदी होतं, हाडं ओळखणारी नजर त्या मुदतीत बसत नाही. विद्यापीठांनी यंत्राच्या प्रत्येक प्रस्तावाला एक कायमची जागा जोडावी. नाहीतर उत्खननं होत राहतील आणि हाडांची पोती गोदामात पडून राहतील.