एसयूव्हीला रुंद व्हील बसवून देताय? आधी टेप, मग बिल



टायर आणि अलॉयचं दुकान टाकायचंय म्हणणाऱ्या दहापैकी आठ जणांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, मार्जिन कशात जास्त सुटतं?" खरं सांगू का, मोठ्या गाडीच्या रुंद व्हीलमध्येच सुटतं. पण माझ्या दुकानाचा पहिला मोठा खड्डाही त्याच कामात पडला. व्हिडिओत मी हे दोन मिनिटांत उरकलं होतं, इथं नीट सांगतो.

आमचं पेठ वडगाव हायवेला लागून. एका अंगाला शिरोली एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला वारणेचा ऊसपट्टा. म्हणजे कारखानदार, कंत्राटदार, बागायतदार, सगळ्यांकडे मोठ्या गाड्या. दुकानाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा ऊसतोडणीचे एक कंत्राटदार फॉर्च्युनर घेऊन आले. "भावा, गाडी मागनं बघितली की भरीव दिसली पाहिजे. पैशाचं बघू नकोस."

नव्या दुकानदाराला "पैशाचं बघू नकोस" हे ऐकलं की पुढचं काही ऐकू येत नाही. मी रिमचा पीसीडी बघितला, म्हणजे बोल्टच्या भोकांचं वर्तुळ. सहा होल, १३९.७ मिलिमीटर. जुळला. नऊ इंची रिम, त्यावर २८५/६० आर १८ टायर. रिकाम्या गाडीनं दुकानासमोर एक चक्कर मारली, फोटो स्टेटसला टाकला. नाद खुळा दिसत होती गाडी!

पाचव्या दिवशी ते परत आले. घरची सात माणसं घेऊन आंबा घाटानं रत्नागिरीला गेले होते. वळणावर खड्डा आला की पुढून घासल्याचा आवाज यायचा. मी चाक काढलं, तर टायरच्या खांद्यावर बोटभर लांबीची चीर आणि आतलं प्लास्टिकचं लायनर फाटलेलं. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरं होती रं गाडीत."

मी सगळा सेट परत घेतला आणि जुनी चाकं बसवून दिली. सेट सेकंडहँडमध्ये विकून माझे ३४ हजार गेले. त्या वेळी ते दुकानाच्या दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त होते.

चूक कुठं झाली ते बघू. पीसीडी जुळला म्हणजे रिम बसते. ती गाडीला चालते का, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर ईटी नावाच्या आकड्यात असतं, आणि तो मी बघितलाच नव्हता. रिमच्या रुंदीची मधली रेष आणि रिम जिथं हबला टेकते ती जागा, यांच्यातलं अंतर म्हणजे ईटी, ज्याला ऑफसेट म्हणतात. तो बहुतेक रिमवर आतल्या बाजूला कोरलेला असतो. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर.

हिशोब कागदावर करा. समजा जुनी रिम ७.५ इंची आणि ईटी ३०. साडेसात इंच म्हणजे १९०.५ मिमी, त्याचे अर्धे ९५. त्यातून ३० वजा केले, तर हबपासून बाहेर ६५ मिमी. आणि ३० मिळवले, तर आत १२५ मिमी. आता नवी रिम ९ इंची, ईटी १५. निम्मी रुंदी ११४. बाहेर ९९, आत १२९. म्हणजे चाक बाहेर ३४ मिमी सरकलं आणि आतही ४ मिमी घुसलं. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर बाहेरची ही ३४ मिमी कडा मोठा गोल घेऊन फिरते आणि मडगार्डला, बंपरच्या टोकाला शिवते. आतले ४ मिमी किरकोळ वाटतात, पण सस्पेन्शन आणि ब्रेकच्या पाइपजवळ मुळात जागा किती आहे ते बोट घालून बघितल्याशिवाय बोलू नका.

शिवाय चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर ताण जास्त. खड्ड्यात स्टिअरिंगला झटके बसतात. स्पेसर टाकून चाक बाहेर काढलं तरी परिणाम हाच. स्वस्तातला स्पेसर मी दुकानात ठेवतच नाही. ग्राहक गेला तर गेला.

दुसरी भानगड टायरच्या उंचीची. २६५/६० आर १८ म्हणजे रुंदी २६५ मिमी, साइडवॉल तिच्या ६० टक्के, म्हणजे १५९. दोन्ही बाजूंच्या ३१८ अधिक १८ इंचांचे ४५७, एकूण व्यास ७७५ मिमी. २८५/६० केला की तोच व्यास ७९९ होतो, म्हणजे तीन टक्के वाढ. स्पीडोमीटरचा काटा जुन्या व्यासाच्या हिशोबानंच फिरतो, त्यामुळं आधीपेक्षा तीन टक्के कमी दाखवतो. ओडोमीटरवर किलोमीटरही तेवढेच कमी पडतात. नुसती रुंदी वाढवली की उंचीही वाढते, हे नव्या पोरांच्या लक्षात येत नाही, कारण दुसरा आकडा मिलिमीटर नाही, टक्केवारी आहे. रुंदी वाढवायची तर टक्का उतरवायचा.

कंपन्या स्वतः काय करतात बघा. एक्सयूव्ही ७०० च्या खालच्या मॉडेलला २३५/६५ आर १७ यायचा, वरच्याला २३५/६० आर १८. रिम एक इंचानं वाढली, पण व्यास काढा: ७३७ आणि ७३९. फरक दोन मिलिमीटर. त्याच गाडीला २५५ पाहिजेच असेल तर २५५/५५ आर १८ चा व्यास ७३८ येतो. २५५/६० टाकला तर ७६३. आकारात तो टायर चांगलाच आहे, स्कॉर्पिओ-एनला कंपनी तोच देते, पण ही गाडी वेगळी. एबीएस आणि ईएसपी चाकाच्या फेऱ्या मोजून काम करतात, त्यामुळं अशा गाड्यांत मी व्यास एक टक्क्याच्या पुढं हलू देत नाही.

टायरला रिमही मापाचीच लागते. २८५/६० आर १८ ला साधारण ८ ते १० इंची रिम चालते. काहीजण खर्च वाचवायला तो कंपनीच्या साडेसात इंची रिमवरच चढवतात. टायर फुगून बसतो, मधोमध झिजतो, वळणावर लडबडतो. लोड इंडेक्सही बघा. टायरवर ११० लिहिलेलं असेल तर एका टायरची क्षमता १०६० किलो, १०३ असेल तर ८७५. मूळ टायरपेक्षा कमी इंडेक्सचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी विकायचा नाही.

नट! हे सांगायचं राहूनच जातं. टोयोटाच्या बऱ्याच मूळ अलॉयना सपाट वॉशरवाले नट असतात. बाहेरच्या अलॉयना बहुतेक वेळा निमुळते, कोनाकार लागतात. जुनेच नट आवळून दिले तर घट्ट लागल्यासारखे वाटतात, पण बसलेले नसतात. रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर सेंटरिंग रिंग लागते, नाहीतर ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं आणि तुम्ही बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा फुकटात करत बसता.

रुंद टायरनं पकड वाढते, हे कोरड्या डांबरावर खरं. पावसाळ्यात हायवेवर पाणी साचलं की रुंद टायर लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. मायलेजही थोडं उतरतं. ग्राहकाला हे विकायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडक अर्थानं वाचलं. कलम १८२-ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून त्याच गाडीच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनी जो साइज देते, तो मी पहिल्यांदा सुचवतो. मडगार्डच्या बाहेर टायर दिसेल असं काम घेतच नाही. अपघात झाला तर विमा कंपनी याच बदलावर बोट ठेवू शकते, हेही ग्राहकाच्या तोंडावर सांगतो.

धंद्याच्या बाजूनं बोलायचं तर या कामात माल कमी आणि हत्यारं चांगली ठेवा. अलॉयचे दहा डिझाइन भिंतीला टांगून पैसा अडकवण्यापेक्षा टॉर्क रेंच आणि चांगलं बॅलन्सिंग मशिन घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांचे टायर आणि पार्ट्स यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ज्यांच्याकडं महागडा स्टॉक पडून होता त्यांची तारांबळ उडाली, मागवून देणारे निवांत होते. मी आजही सेट मागवताना निम्मा ॲडव्हान्स घेतो आणि त्याआधी गाडीचं माप घेतो.

बसवल्यावरची तपासणी मात्र त्या घाटानं शिकवली. गाडीत माणसं बसवायची, नाहीतर सिमेंटची पोती टाकायची. स्टिअरिंग डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण. मग एक पुढचं चाक विटांवर चढवून पुन्हा तेच. लायनरला खडूचा पट्टा ओढून ठेवायचा आणि गाडी स्पीडब्रेकरवरून नेऊन आणायची. पट्टा पुसला गेला असेल तर सेट उतरवायचा, बिल करायचं नाही. पास झाली तर जॉबकार्डवर जुना साइज, नवा साइज, रिमची रुंदी, ईटी आणि टॉर्क लिहून ग्राहकाची सही घ्यायची. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला बोलवायचं, फुकट. ते कंत्राटदार आता याच तपासणीसाठी भाच्याची थार घेऊन येतात. पोती गाडीत टाकायला ते स्वतः हात लावतात.