बाईंना विचारायलाच हवे

पहिलीतले लेकरू रडत घरी येते. 'बाईंनी मला एकट्यालाच मागे बसवले,' म्हणते. आपण गप्प राहतो. बोललो तर बाई लेकरावरच राग काढतील, ही भीती. आम्हालाही ती ठाऊक आहे. पण साताऱ्याच्या शाळेत बालवयातील बाबासाहेबांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागले, तेव्हा दाद मागायला जागा नव्हती. आज आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलांना मारहाण आणि मानसिक छळ करण्यास मनाई करते. म्हणून आधी लेकराचे पूर्ण ऐकावे. मग शाळा सुटल्यावर बाईंना शांतपणे कारण विचारावे. उंचीमुळे मागे बसवले असेल, तर शंका मिटेल. जातीमुळे असेल, तर मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करावी. विचारणे म्हणजे भांडण नव्हे. आपल्या मौनातून मात्र लेकरू अपमान गिळायला शिकते.