रुमाल नाकावर, विष पाठीवर

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. फवारणीतल्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्याला आधी मास्क आठवतो. नाक-तोंड झाकायलाच हवं; पण फवारणाऱ्याच्या शरीरात विष शिरण्याची मोठी वाट त्याच्या त्वचेतून जाते. असं का, हे पेशीच्या आवरणाकडे पाहिलं की कळतं.

हे आवरण म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी. मीठ आणि साखर पाण्यात सहज विरघळतात, पण हा थर त्यांना अडवतो. त्यांना आत जायला प्रथिनांनी बनलेली खास दारं लागतात आणि ती दारं कुणाला घ्यायचं ते निवडतात. स्निग्धात विरघळणाऱ्या पदार्थाला दाराची गरजच नसते, तो थेट थरातून पार होतो. अर्नेस्ट ओव्हरटन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे दाखवून दिलं. आता कपाशीवर वापरलं जाणारं प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक घ्या. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणूनच पंपात टाकल्यावर पाणी दुधासारखं होतं. किडीच्या अंगावर मेणचट कवच असतं. नुसत्या स्पर्शाने कीड मारायची तर औषधाला ते भेदता आलं पाहिजे. ज्या गुणासाठी शेतकरी ते विकत घेतो, तोच गुण त्याच्या त्वचेवरही चालतो.

कुणी म्हणेल, दिवसभर पावसात भिजलं तरी पाणी अंगात शिरत नाही, मग औषध कसं शिरेल? त्वचेच्या वरच्या थरात मृत पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थच भरलेले असतात. ते पाणी रोखतात, तेलकट विषाला मात्र वाट देतात. तीही सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेत 1971 साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत पॅराथिऑन हे प्रोफेनोफॉसच्याच कुळातलं कीटकनाशक कोपर आणि मनगट यांमधल्या त्वचेतून दहा टक्क्यांहून कमी शोषलं गेलं, काखेतून सुमारे दोन-तृतीयांश आणि अंडकोषाच्या त्वचेतून जवळजवळ सगळं. पाठीवरचा पंप गळू लागला की ओघळ कुठवर जातो, हे फवारणाऱ्याला सांगायला नको.

दुसरा आक्षेप निष्काळजीपणाचा. तो मला अन्यायाचा वाटतो. 2017 साली यवतमाळात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याइतकी वाढली होती, फवारा तोंडावर आणि छातीवर येत होता. दमट उन्हात घामाने भिजलेली त्वचा विष अधिक वेगाने शोषते, आणि त्याच उन्हात रबरी पोशाख घालून मजुराने दिवसभर राबावं अशी आपली अपेक्षा.

उपचारांनाही आवरणाचा हाच नियम लागू होतो. प्रोफेनोफॉस मज्जासंस्थेतल्या एका आवश्यक विकराला निकामी करतं. तो विकर पुन्हा मोकळा करणाऱ्या प्रॅलिडॉक्झिम या उताऱ्याच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, त्यामुळे तो मेंदूत फारच कमी पोचतो. विष मात्र तिथे सहज पोचलेलं असतं. ॲट्रोपिन हा दुसरा उतारा मेंदूपर्यंत जातो, पण तो लक्षणं आवरतो, विकर सोडवत नाही.

म्हणून गळका पंप पाठीवर घेऊ नका, मजुरालाही देऊ नका. सदरा औषधाने भिजला तर काम संपायची वाट न पाहता तिथेच उतरवा आणि अंग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने हे विष नीट निघत नाही. मळमळ, घाम, धूसर दिसणं सुरू झालं तर औषधाची बाटली सोबत घेऊनच दवाखाना गाठा.